न शिवता

सोहारमध्ये पहाटे साडेतीनला
इस्पितळाच्या तळघरात मी अंगठी काढते,
घड्याळ काढते, कानातलं काढते.
नखं कालच कापलीत. तरी पुन्हा बघते.
टोपी, मास्क, पायांना पिशव्या,
एकेक पाय लाल रेघेपलीकडे.
मग कोपरापर्यंत हात, मनात आकडे मोजत.
शिकवताना शिजीमोल म्हणाली होती,
घाई असेल तर घरी जा.

बाहेर गरबी सुटलाय, वाळवंटाचा तापलेला वारा,
वाळू समुद्राकडे पळत असेल.
इथे फक्त जाळीमागून येणारी हवा.
तिला आम्ही पहिली हवा म्हणतो.
तिच्या आणि सुईच्या मधे काही यायचं नाही.
माझा हात नाही. श्वास तर नाहीच.

चिठ्ठीवर: मौझाचं बाळ. आठशे चाळीस ग्रॅम.
नाव अजून ठेवलेलं नाही.
त्याचं आजचं जेवण माझ्यासमोर मांडलेलं,
साखर, क्षार, अमिनो आम्लं,
फॉस्फेट आधी, कॅल्शियम सगळ्यात शेवटी.
क्रम चुकला तर पिशवीत खडूसारखी कणी धरते
आणि बाळाची शीर केसाएवढी.

कुपीचं रबर स्पिरिटने पुसायचं. थांबायचं.
पूर्ण वाळल्याशिवाय टोचायचं नाही.
परीक्षेत हे मला येत होतं,
धीर इथे आला.
सुई आधी तिरपी, मग उभी,
रबराचा कण आत पडू नये म्हणून.
सगळं हातानेच करायचं,
आणि शिवायचं नाही.

शिवू नकोस.
हे दोन शब्द माझ्या घरात जुने आहेत.
वरणगावच्या दवाखान्यात आई
बाळंतिणींची खोली धुवायची,
फिनेल, कढत पाणी, पुन्हा फिनेल.
चहा मिळायचा तिला, वरून ओतलेला,
तिच्या वेगळ्या कपात.
कप खिडकीबाहेर, पावसात-उन्हात तिथेच.
त्या खोलीत जन्मलेल्या पोरांची
ती बोटांवर मोजणी करायची,
बोटं पुरायची नाहीत.

इथे दर काही महिन्यांनी आमच्या बोटांचे ठसे
जेलीच्या बशीवर घेतात, उबेत ठेवतात.
झमझमचे, रोवेनाचे, माझे.
मागे रोवेनाच्या बशीत दोन पिवळे ठिपके उगवले.
ती रडली.
कोणी तिचा कप बाहेर ठेवला नाही.
पुन्हा शिकवलं, एवढंच.

कॅल्शियम ओढत होते आणि कोपर सरकलं.
सुईच्या मुळाला अंगठा लागला का?
लागला असेल.
नसेलही.
काचेपलीकडे कोणी नव्हतं,
कॅमेऱ्याला माझी पाठ दिसते.
पिशवी जवळजवळ भरलेली, स्वच्छ, पाण्यासारखी.
जंतूही पाण्यासारखाच दिसतो सुरुवातीला.

तेवढ्यात स्पीकर वाजला. बाळांच्या खोलीतून बलोची नर्स:
पिशवी कधी?
चाळीस मिनिटं.
चाळीस? का?
शिवलं, मी म्हटलं.
मराठीत. चुकून.
तिला काय कळलं कोण जाणे.
ओके, म्हणाली.

अख्खी पिशवी टाकून दिली.
मोजे बदलले. हूड पुसला, आतून बाहेर.
पुन्हा साखर, पुन्हा क्षार, पुन्हा ते थांबणं.
या वेळी कोपर बरगडीशी घट्ट.
पिशवी आधी काळ्या कागदापुढे धरली, मग पांढऱ्या.
काही तरंगत नव्हतं.
झरोक्यातून पलीकडे सरकवली.
पलीकडच्या हाताने घेतली,
हात दिसला नाही.

दहाव्या दिवशी चिठ्ठीवर नाव आलं: सुलाफ.
मुलगी होती तर.
सतराव्या दिवशी चिठ्ठीच आली नाही.
चिठ्ठी थांबते दोनच कारणांनी.
एक म्हणजे दूध पचायला लागतं.
तळघरात सांगायला कोणी उतरत नाही,
आणि वर जाऊन विचारायची
माझी हिंमत झाली नाही.

मी हात धुतले.
पुढची चिठ्ठी सहाशे दहा ग्रॅमची होती.